अनघाच्या पन्नास पुंगळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्याच्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही अनघाला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर तिच्याच बाजूचे असता.

माझी नोकरी इथे देशाबाहेर, तुआसच्या औद्योगिक भागात, एका कारखान्यात. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे, केसाएवढा फरक दिसला तरी तो भाग बाजूला काढायचा. आणि रविवारी रायफल क्लब. अकरा वर्षं तिथे मी एकटीच मराठी बाई होते. खरं सांगू? — ते मला आवडायचं. मग मीच अनघाला घेऊन गेले. जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या प्लांटमध्ये इंजिनिअर, माझ्याहून सात वर्षांनी लहान, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झालेली. "वीणाताई, मलाही एकदा न्या ना," म्हणाली. नेलं. रायफल खांद्याला कशी टेकवायची, गाल कुठे ठेवायचा, सगळं मीच शिकवलं.

दोन वर्षांत ती माझ्या पुढे गेली.

कशी सांगू ती जळजळ? तिच्या कागदावर गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटलेली असायची. माझ्या कागदावर ती जवळजवळ असायची — पण जवळजवळच. शस्त्रांच्या खोलीची जबाबदारी लिम अंकलांकडे होती. ते एकदा तिचा कागद हातात धरून इथल्या इंग्रजीत म्हणाले, "अनघा नॅचरल, लाह!" मला इतक्या वर्षांत ते फक्त 'स्टेडी' म्हणाले होते. त्या दिवशी मी तिला मिठी मारली, सगळ्यांसाठी कॉफी आणली, आणि घरी जाताना एमआरटी ट्रेनमध्ये माझं स्टेशन कधी मागे गेलं ते कळलं नाही.

मग दुसऱ्या देशातल्या एका स्पर्धेसाठी निवड ठरली. बायकांमधून एकच जागा. म्हणजे ती किंवा मी.

आमच्या क्लबला काडतुसं स्वतः भरायची परवानगी होती — त्याच कुलूपबंद खोलीत, अंकलांच्या नजरेखाली, पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या मोजून घ्यायच्या आणि मोजून परत द्यायच्या. कोरी पुंगळी दिसते चकचकीत, पण सगळ्या सारख्या नसतात. खोक्यात आपटून काहींची तोंडं चेपलेली असतात, काही किंचित लांब असतात. प्रत्येकीचं तोंड डाय या पोलादी साच्यातून काढून गोल करायचं, म्हणजे ती गोळीला सारखीच घट्ट धरते आणि गोळ्या एकाच जागी जातात. मग लांबी कापून एकसारखी करायची, तोंडाची धार आतून-बाहेरून घासून काढायची. कंटाळवाणं काम. मला मात्र फार प्रिय.

अनघाच्या प्लांटमध्ये तेव्हा दुरुस्तीसाठीचा शटडाऊन होता, बारा-बारा तास ड्यूटी. "ताई, निवडीसाठीच्या माझ्या पन्नास तुम्ही कराल का? तुमच्यासारखा हात कुणाचाच नाही."

मी हो म्हटलं.

माझ्या पन्नास आधी केल्या. एकेक, दोनदा मोजून. मग तिच्या घेतल्या. पहिल्या पंचवीस नीट केल्या — आणि थांबले. किती वेळ थांबले? फार नाही. उरलेल्या पंचवीसांची लांबी कापली, धार काढली, पण तोंडं डायमधून काढली नाहीत. चेपलेली होती ती नुसती डोळ्यांना गोल दिसतील इतपत सरळ केली. मग पन्नासही एकत्र मिसळल्या. त्यातून कुणाला इजा होणार नव्हती, तेवढं मी तपासलं होतं. चांगुलपणा म्हणून हे सांगत नाही. काही झालं असतं तर मी सापडले असते, म्हणून तपासलं होतं.

भरताना तिच्या हाताला ते कळलं होतं. "ताई, काही गोळ्या सैल बसताहेत का?"

"कोऱ्या पुंगळ्या अशाच असतात गं," मी म्हटलं.

निवडीच्या दिवशी तिच्या गोळ्या वर-खाली पसरल्या. तीनशे मीटरवर हरायला तेवढं पुरतं. दर गोळीनंतर ती दुर्बिणीतून बघायची आणि स्वतःचे हात बघायची. पुंगळ्यांकडे तिने एकदाही बघितलं नाही. का बघेल? त्या मी केल्या होत्या ना.

जागा मला मिळाली.

तिथे थांबले असते तर — पण थांबले नाही, आणि तुम्हाला खरं सांगायचं आहे ते हेच. संपल्यावर ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. वहीत लिहून घ्यायला पेन काढलं होतं. "ताई, खरं सांगा, माझं काय चुकतंय?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "तुझा श्वास चुकतोय. आधीपासूनच चुकतोय. मी बोलले नव्हते."

तिने ते लिहून घेतलं.

पुढचे कित्येक रविवार ती श्वास सुधारत बसली. ज्यात काहीच बिघडलं नव्हतं ते दुरुस्त करत राहिली, आणि दुरुस्त करता करता खरंच बिघडवून बसली. नंतरची काडतुसं तिची तिनेच भरलेली होती, बिनचूक होती, तरी गोळ्या पसरत राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर. मला वाईट वाटलं का? थोडं. बरं वाटलं का? हो. त्याहून जास्त.

स्पर्धेत मी मधेच कुठेतरी आले. परतले तेव्हा अनघाने क्लब सोडला होता.

यंदा मंडळाच्या गणपतीत भेटली. सोबत मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. शाळेत नेमबाजी घ्यायची म्हणत होती. अनघा तिला म्हणाली, "अगं, ह्या वीणाताई. ह्यांनी मला शिकवलं. मलाच जमलं नाही, श्वासच धरता यायचा नाही. आपल्या घरात नाहीच ते."

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "सो आय ऑल्सो कॅनॉट, इज इट, आंटी?"

अनघाही बघत होती. मी काय म्हणाले असेन?

"आईला विचार," म्हणाले, आणि आरतीला पुढे जाऊन उभी राहिले.

अनघा यिशुनला राहते. माझ्या घरापासून चौथं स्टेशन. खरं सांगायला मी अजून एकदाही तिथे उतरलेले नाही.