उस्तादांचा रांजण

कुठलीही गोष्ट तापलेली असताना तिच्याविषयी काहीही ठरवायचं नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला आहे. आणि हा माणूस राहायला होता लातुरात, जिथे होळी झाली की माणसं, भिंती, हातपंपाचे दांडे सगळंच तापतं आणि मृग लागेपर्यंत कोणी कोणाशी धड बोलत नाही. त्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो. घराणं उदगीरचं. आजोबा कुलपं दुरुस्त करायचे, वडिलांनी पिठाच्या गिरण्यांचे शाफ्ट कातले, आणि उस्ताद लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभे राहिले ते त्यांची दाढी पांढरी झाली तरी उभेच होते. बाजारात भाजी घेताना ते वांगं हातात धरून थांबत. उन्हातलं आहे, म्हणत, सावलीत ठेवा, मी येतो. घरातल्या भांडणाचंही तसंच. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या चाचींनी, आवाज चढवला की उस्ताद शांतपणे चपला घालून निघून जात आणि दिवे लागल्यावर परत येऊन विचारत, "हां, काय म्हणून राहिली होतीस?" तोवर चाचींचा राग गार झालेला असे, आणि त्याचाच त्यांना पुन्हा नव्याने राग येई.

उस्ताद शिकवायचे ती जागा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. भूकंपात घरं पडलेल्यांसाठी जे पत्रे आले त्यांतले काही वाटून उरले. वाटून उरले की न वाटता उरले, असा प्रश्न मी तेव्हा एका पत्रकात विचारला होता; त्याचं उत्तर आलं नाही. त्याच काळात शहरात क्लासेसचं पीक आलं आणि दरवर्षी डॉक्टर-इंजिनिअर होता होता राहिलेली पोरंही उरू लागली. एका शिक्षणसंस्थेने या दोन्ही उरलेल्यांची सांगड घातली आणि ‘प्रगत यंत्रनिर्मिती प्रशिक्षण केंद्र’ असा फलक लावला. आत दोन जुने लेथ, एक मिलिंग मशीन आणि देणगीत आलेला संगणकावर चालणारा एक लेथ. हैदराबादेकडे विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने निघत होते, तिथे आपली पोरं लागतील, अशी कल्पना. मी पोरांना गणित आणि ड्रॉइंग शिकवायचो. खरं तर मला घेतलं होतं प्रवेशाची पत्रकं लिहायला, कारण चळवळीत पत्रकं लिहून माझा हात त्यात बसलेला होता. उस्ताद मला नावाने कधीच हाक मारत नसत. मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत ‘पत्रकवाले’च राहिलो.

शेडच्या एका कोपऱ्यात, गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक मोठा रांजण होता. लातुरात पाण्याचे काय हाल असतात ते लातूरकरांना सांगायला नको. टँकर आला की माणसं घागरी घेऊन धावतात. उस्तादही धावत, पण त्यांचं पहिलं पाणी या रांजणात जाई आणि या रांजणातलं पाणी कोणी प्यायचं नाही. त्यात झाकणाचा एक डबा तरंगत असे आणि डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली मोजमापाची हत्यारं असत. पोरांना प्यायला बाहेर वेगळा माठ होता, आणि तो बहुतेक वेळा रिकामा असे. मी एकदा यावर तात्त्विक भांडण काढलं. माणूस आधी की यंत्र, असा माझा सवाल होता. उस्ताद म्हणाले, "माणसाला तहान लागली तर तो सांगतोय. तुम्ही तर लईच जोरात सांगून राहिलेत. लोखंड सांगत न्हाई."

लोखंड उन्हात फुगतं आणि गारव्यात आकसतं, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. उस्तादांनी ते मनावर घेतलं होतं, एवढाच फरक. पोरांनी बनवलेली प्रत्येक वस्तू, म्हणजे कारखान्यात ज्याला ‘जॉब’ म्हणतात तो, ते फक्त पहाटे मोजत. दुपारी कोणी मोजायला आणला तर पोराचा हात हळूच बाजूला करत, तापलेल्या पोराला दवाखान्यात आणलं म्हणजे डॉक्टर आईचा हात करतात तसा. घरीसुद्धा हीच तऱ्हा. चाचींची भाकरी एका कडेला जाड होते, असं त्यांनी एकदा ताटावर बसून सांगितलं. चाचींनी परात त्यांच्यापुढे सरकवली आणि त्या शेजारणीकडे निघून गेल्या. उस्तादांनी दुपारपर्यंत एकच भाकरी थापली. चारी बाजूंनी अगदी सारखी, परकाराने काढल्यासारखी. तव्यावर टाकली तर ती फुगेचना. चाचींनी ती महिनाभर खिडकीत ठेवली होती, आल्यागेल्याला दाखवायला.

हे वेड कुठून आलं ते मला त्यांनी सांगितलं नाही, चाचींनी सांगितलं. भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांत पत्र्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि उस्ताद बोल्ट मारायला गेले होते. शेड झाल्या, माणसं आत गेली. पण दिवसभर तापलेला पत्रा सूर्य कलला की आकसतो आणि बोल्टपाशी अडून कडाड वाजतो. तो आवाज झाला की शेडच्या शेड बाहेर पळत सुटे. बायका पोरं उचलून माळावर जाऊन बसत आणि परत आत यायला तयार नसत. उस्तादांनी मग प्रत्येक पत्र्याचं प्रत्येक भोक कानशीने लांबट केलं, पत्र्याला सरकायला जागा मिळावी म्हणून. एक गाव झालं की दुसरं. त्यांचं कोणी ऐकलं असतं तर आधीच तशी भोकं पाडता आली असती. चाची म्हणाल्या, तेव्हापासून हा माणूस उन्हाशी बोलतो.

आता माझ्या पत्रकांबद्दल. शेडच्या दोन्ही बाजूंना क्लासेस उठले होते आणि त्यांच्या भिंतींवर पोरांचे फोटो माणसाएवढे मोठे होते. त्यांच्याशी टक्कर घ्यायची म्हणून मी लिहिलं : ‘तुमच्या हातांनी विमान उडेल!’ उस्तादांनी ते पत्रक रांजणाच्या झाकणावर ठेवलं आणि सकाळी मला परत दिलं. विमान वैमानिक उडवतो, म्हणाले, आपण त्याची एक पिन बनवतो. ‘उज्ज्वल भविष्य’ खोडलं. ‘नोकरीची संधी’ ठेवलं, पण त्यापुढे लिहायला लावलं की सुरुवातीचे दोन महिने फक्त कानस घासावी लागेल, तळहाताला फोड येतील, आणि ज्याला लवकर उठणं जमत नाही त्याने येऊ नये. आयुष्यभर मी सत्याची पत्रकं लिहीत आलो असं मला वाटत होतं. ते पत्रक वाटताना मात्र माझे हात आखडत होते. अपेक्षेप्रमाणे फारच थोडी पोरं आली. त्यांत देवणीकडची संगीता होती. मेडिकलच्या परीक्षेत दोनदा हुकलेली, शेजारच्याच क्लासमधली रिपीटर. तिला विचारलं की इकडे कशी काय वळलीस, तर म्हणाली, "सर, या रोडवर फोड येतील असं लिहिलेला एकच कागद मिळाला."

संस्थेचे सचिव वकील होते, माणूस वाईट नव्हता, पण त्यांना शेडची लांबी दिसत होती. शेजारच्या क्लासला हॉल कमी पडत होता आणि क्लासवाल्याने भाडं बोलून ठेवलं होतं. सचिवांनी उस्तादांना बोलावून स्वच्छ सांगितलं की हैदराबादच्या कारखान्याचे लोक उन्हाळ्यात निवडीला येणार आहेत, त्यांनी या वर्षी पोरं घेतली तर शेड तुमची, नाही घेतली तर जूनपासून तिथे बाकं लागतील. उस्तादांनी ते ऐकून घेतलं आणि उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे सचिवांच्या घरी जाऊन दिलं. सचिव झोपेतून उठून बाहेर आले. "ठीक हाय," उस्ताद म्हणाले, आणि परत निघाले.

कारखान्याने आधी एका पिनेचा नकाशा, म्हणजे ड्रॉइंग, पाठवला होता. प्रत्येकाने ॲल्युमिनियमच्या कांबीतून एक पिन कातून ठेवायची, ते येऊन तपासणार. तपासायची रीत सोपी असते : पोलादाची एक जाड अंगठी असते, तिला गेज म्हणतात; पिन तिच्यातून गेली तर माप बरोबर, अडली तर जास्त. निवडीच्या दिवशी पहाटे उस्तादांनी सगळ्या पिना स्वतः मोजल्या. एका पोराची सोडून सगळ्या बरोबर होत्या. त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि आम्ही वाट बघत बसलो. पाहुणे सकाळीच यायचे होते. त्यांची जीप उदगीरच्या अलीकडे पंक्चर झाली आणि ते पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता, पत्र्याखाली भट्टी पेटली होती आणि टेबलावर हात ठेववत नव्हता.

उस्तादांनी पाहुण्यांना आदराने सांगितलं की आत्ता मोजू नये, पहाटे मोजावं. मोठे साहेब तेलुगू वळणाचं हिंदी बोलणारे, सौम्य गृहस्थ होते. ते म्हणाले, उस्तादजी, आम्हाला संध्याकाळी परत निघायचंय, आणि आमचं गेजही इथेच या उन्हात आहे, दोघं सारखेच तापतील, उन्नीस-बीस चालेल. उस्तादांना ते पटलं नाही. पाहुणे हातपाय धुऊन जेवायला बसले तशी त्यांनी टेबलावरची गेजची पेटी उचलली, ते गेज मलमलच्या फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या रांजणातल्या डब्यात ठेवलं. मी पाहिलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. लांबून आलेल्या पाहुण्याच्या बैलालाही आपण सावलीत बांधतोच.

जेवणं झाली. उस्तादांनी स्वतःच्या हाताने गेज आणून साहेबांपुढे ठेवलं. पहिली पिन अडली. दुसरी अडली. संगीताची अडली. साहेबांचा चेहरा मिटत गेला आणि त्यांचा मदतनीस कागदावर फुल्या मारत गेला. सचिव दारात उभे होते. त्यांनी एकदा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, बाकं मोजावीत तशी. माझ्या डोक्यात तिथल्या तिथे एका पत्रकाची सुरुवात तयार झाली, भांडवल आणि मोजमाप अशी काहीतरी. उस्ताद मात्र आपल्या पोरांच्या पिनांकडे बघत होते, आणि पहाटे आपलेच डोळे चुकले, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात संगीताने पुढे होऊन गेजला बोट लावलं, मग आपल्या पिनेला लावलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "ह्ये गार हाय. जॉब गरम हाय. तुम्हीच आकसवलंय त्याला."

मला वाटलं आता हा माणूस खचेल. त्याच्या रांजणानेच त्याच्या पोरांना नापास केलं होतं. पण उस्तादांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं तो आनंद होता. ते साहेबांकडे वळले.

"साहेब, पोरांची न्हाई, माझी चूक हाय. तुमचं गेज मी न विचारता पाण्यात ठेवलं. लाडानं ठेवलं. ह्या पिना पण तिथंच ठेवू द्या. एक चहा होऊ द्या. मग फुल्या मारा."

साहेबांनी आधी रांजणाकडे पाहिलं, मग त्यांना हसू आलं. पिना आणि गेज एकाच डब्यात शेजारी शेजारी रांजणात उतरले. चहा आला, त्यानंतर साहेबांच्या इच्छेवरून दुसरा आला. मग डबा काढला आणि पिना गेजमधून अशा सरकल्या की आवाजसुद्धा झाला नाही. त्या एका पोराची पिन मात्र अडलीच. तो आशेने उस्तादांकडे बघायला लागला. उस्ताद म्हणाले, "तुझी खरंच मोठी हाय, बेटा."

संगीता आणि आणखी काही जण हैदराबादला गेले. सचिवांनी शब्द पाळला आणि शेड त्या वर्षी राहिली. मी नव्या जोमाने पत्रक लिहिलं, निवड झालेल्यांची नावं घातली, आणि उस्तादांनी खाली ओळ वाढवली : ‘एकाची झाली नाही.’ त्या वर्षी पोरं आणखी कमी आली. पुढच्या जूनमध्ये बाकं लागली. पत्रे निघाले, पक्का हॉल झाला आणि त्यात एसी बसला. लेथच्या मापांना लागतो तसा, बाराही महिने एकसारखा गारवा आता तिथे आहे. उस्तादांनी आयुष्यभर त्याच्यासाठी टँकरमागे धावपळ केली होती. यंत्रं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहेत.

उस्ताद नांदेडला पुतण्याकडे गेले. अर्धापूरच्या रस्त्यावर त्याचं वर्कशॉप आहे; केळी वाहायच्या ट्रॉलींची चाकं, ट्रॅक्टरचे बुश असली कामं. गेल्या मे महिन्यात मी तिथे गेलो तो हातात नवं पत्रक घेऊनच. ती यंत्रं गंजत ठेवू नका, चालवतील त्यांना द्या, अशी मागणी होती आणि त्यावर पहिली सही मला उस्तादांची हवी होती. बसमधून उतरून तसाच आत शिरलो आणि उभ्याउभ्याच बोलायला लागलो. त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि कोपऱ्यातल्या लहानशा माठाच्या झाकणावर ठेवला.

"बसा, पत्रकवाले. तुम्ही तापून आलेत. आत्ता मोजलं तर सगळंच मोठं भरंल."

मी बसलो. चाचींनी सरबत दिलं. उस्तादांनी संगीताची चौकशी केली; ती आता तिकडे नव्या पोरांचे जॉब तपासते, एवढं मला ठाऊक होतं, ते सांगितलं. ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत त्यांनी विचारलं, "आपला रांजण?"

तिथेच आहे, मी म्हणालो. वाळूतून उपटायला गेले तर फुटेल म्हणून ठेवला. वॉचमन भरतो. क्लास सुटला की पोरं त्याच्यातलं पाणी पितात.



"पिऊ दे," उस्ताद म्हणाले. "लोखंड कुठं राहिलंय तिथं."