जिवनबाईची आकडी

नाव: जिवनबाई, नवऱ्याचे नाव सटवाजी. वय: अंदाजे पस्तीस. मुक्काम: पुसेगाव, भावाच्या घरी. जात: कुणबी. अक्षरओळख: नाही. धंदा: भावाची शेरडे राखणे. प्रकृती: अपस्मार. मंडळीच्या कामी उपयोग: दिसत नाही. तपासणीचा निकाल: अर्थबोध अपूर्ण. बाप्तिस्मा तूर्त देऊ नये. पुढील दौऱ्यात फेरतपासणी व्हावी.

मिशनच्या उमेदवारांच्या वहीत ही नोंद १९४७ च्या जानेवारीत झाली. तीत चूक म्हणावी अशी एकही गोष्ट नाही. ती लिहिणाऱ्या मिशनच्या साहेबांचं अक्षरही चांगलं होतं.

अपस्मार हा शब्द मात्र पुसेगावात कोणी ऐकला नव्हता. तिथं त्याला आकडी म्हणत, आणि आकडी आली की वहाण हुंगवत. जिवनबाईला ती तेराव्या वर्षापासून येत होती, म्हणजे तोवर निम्म्या गावाच्या वहाणा तिच्या नाकाखालून गेल्या होत्या. देवी अंगात आली असती तर लोकांनी ओटी भरली असती. पडायची तऱ्हा जवळजवळ तीच. पण देवी बोलते आणि आकडी बोलत नाही, एवढ्या फरकावर ओटीच्या जागी वहाण आली.

सटवाजीने तिला चार वर्षं नांदवलं, मग बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं. जाताना तो दगडोबाला, तिच्या थोरल्या भावाला, म्हणाला, "बरी झाली की सांगावा धाडा." तो सांगावा धाडायची वेळ आली नाही. सटवाजीनेही वाट पाहिली नाही, दुसरी केली.

दगडोबा माणूस वाईट नव्हता. त्याने बहिणीला घरात घेतलं आणि दोन गोष्टींची बंदी केली: चुलीजवळ बसायचं नाही, विहिरीवर जायचं नाही. विस्तव आणि पाणी वगळून बाईला घरात काय काम उरतं? शेरडं उरतात. जिवनबाई रानात शेरडं नेई. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी आकडी. बाभळीची फांदी आकडीने खाली ओढायची, शेरडं तुटून पडायची. फेफरं आलं की ती तिथंच पडे, शुद्धीवर आली की तोंडातली माती थुंकून शेरडं मोजे.

पडणं तिला सोसवत होतं. ते कोणाकडून येतं, हे कळत नव्हतं, ते सोसवत नव्हतं. कोणी बाहेरचं म्हणे, कोणी गेल्या जन्माचं. वहिनी मनकर्णा म्हणे, "आता जे हाय ते हाय, इचारून का कमी व्हनार हाय व्हय?"

गावकुसाबाहेर एका खोलीत वसराम मास्तर शाळा चालवायचे. जातीने लमाण, जवळच्याच तांड्यातले. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात वाढले आणि ख्रिस्ती होऊन परत आले. रविवारी त्याच खोलीत प्रार्थना व्हायची. एके रविवारी जिवनबाई बाहेर शेरडं घेऊन उभी होती आणि मास्तर आत एक स्तोत्र सांगत होते. देवाला त्यात मेंढपाळ म्हटलेलं आहे. माणूस काळोख्या खोऱ्यातून चालला तरी भिण्याचं कारण नाही, कारण देव सोबत आहे, आणि त्याची आकडी धीर देते.

जिवनबाई दारात आली.

"मास्तर, काय म्हनले? कोनाची आकडी?"

"देवाची."

"आन धीर देते?"

"देते."

ती तिथंच बसली. खोलीत पंधरा माणसं होती, पण त्या काळोख्या खोऱ्यात खरोखर जाऊन आलेली ती एकटीच. महिन्यातून दोनदा तिची तिकडे फेरी होई. तिथं कोणी सोबत असतं हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आणि आकडी देवाची! म्हणजे आकडीला मालक होता.

त्यानंतर ती दर रविवारी आत बसू लागली. गावात गलका झाला. दगडोबा म्हणाला, "आकडी तर हायेच, वर बाटायचं काहून काढलं?" पंचांनी विहिरीच्या विटाळाचा प्रश्न काढला. पण जिवनबाईला विहिरीवर जायची बंदी सतरा वर्षांपूर्वीच झालेली असल्यामुळे तो प्रश्न आपोआप निकालात निघाला. भाकरी वेगळी मिळू लागली, तीही आधी वेगळीच मिळत होती. तिने मास्तरांना सांगितलं, मला बाप्तिस्मा घ्यायचा. आकडी ज्याची, त्याची मी.

साहेब जानेवारीत दौऱ्यावर आले. त्यांनी मराठी दोन उन्हाळे एका पुणेकर शास्त्र्यांजवळ शिकली होती. त्यामुळे ते अतिशय शुद्ध बोलत आणि गावात फारसे कोणाला कळत नसत. त्यांनी जिवनबाईला विचारलं, "बाई, या स्तोत्रातील आकडी म्हणजे काय, हे आपण सांगावे."

"हीच की, मला येते ती."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी जमिनीकडे पाहिलं. चूक त्यांना पहिल्याच रविवारी कळली होती, पण तिचा चेहरा पाहून ती दुरुस्त करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"नव्हे," साहेब सौम्यपणे म्हणाले. "आकडी म्हणजे मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी. आपण दाराशी ठेवली आहे, तशी."

जिवनबाईने दाराला टेकवलेल्या बांबूकडे पाहिलं. रोज हातात असून हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मंग माझी कोनाची?"

"ती व्याधी आहे. ती देवाने दिली असे म्हणू नये. ती जावी म्हणून आपण प्रार्थना करू."

"म्हंजी बेवारस."

साहेबांना हा शब्द शास्त्र्यांनी शिकवला नव्हता. मास्तरांनी अर्थ सांगितला, तेव्हा साहेबांना वाटलं बाई जमिनीबद्दल काही विचारते आहे. त्यांनी वहीत अर्थबोध अपूर्ण असं लिहिलं.

साहेब गेल्यावर मास्तर तिच्यामागे रानात गेले. "जिवनबाई, पुढच्या टायमाला काठी म्हना. एका शबुदाची बात हाय."

"काठी तर हातातच हाय, मास्तर. तिनं मला कवा धीर दिला? शेरडाला पाला दिला आसंल." तिने फांदी ओढली. "खोटं बोलून देवाच्या घरात शिरू व्हय?"

ती प्रार्थनेला यायची बंद झाली. आकडी मात्र आपल्या वेळेवर येत राहिली. पूर्वी उठताना अंग मोडलेलं असे पण मन जागेवर असे. आता ती उठून तशीच बसून राही. आधी खोऱ्यात कोणीतरी होतं, आता नुसतं खोरं. शेरडं मोजायचीही राहू लागली. एकदा शेरडं पाटलाच्या हरभऱ्यात शिरली, आणि दगडोबा म्हणाला, "आता शेरडं बी तुला द्यायची का न्हाई, सांग."

फाल्गुनात, ज्वारीची मळणी चालू असताना, वसराम मास्तर भर दुपारी धापा टाकत आले. त्यांच्या तांड्यात हिरासिंगच्या घरी नवी सून होती, नीलाबाई. खळ्यावर तिला आकडी आली. एक झाली, दुसरी झाली. उद्या तिला माहेरी पोचवायचं ठरलं होतं.

"मी काय करू येऊन? मी का वैदू हाय?"

"मला त्यातलं काय बी ठावं न्हाई, जिवनबाई. तुमाला हाय."

दोन कोस चालून ती पोचली तेव्हा नीलाबाई तिसऱ्यांदा पडली होती. भोवती माणसांचं कडं, कोणाच्या तरी हातात वहाण. जिवनबाई पुढे झाली आणि थबकली. बावीस वर्षं आकडी येत होती, पण तिने ती कधी पाहिली नव्हती. पाहणार कशी? पांढरे डोळे, आवळलेले दात, फेस. सटवाजीला दर वेळी काय बघावं लागत होतं ते तिला पहिल्यांदा दिसलं, आणि त्याची भीती तिला कळली. तिलाही पळावंसं वाटलं.

नीलाबाईची मान मागे ओढली जात होती. सगळं अंग ताणून वाकलं होतं, बांबूच्या टोकाच्या लोखंडासारखं.

जिवनबाईने वहाण हिसकून लांब भिरकावली. "सरका! वारा येऊ द्या." तिने पोरीला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, डोकं मांडीवर घेतलं आणि थांबली. करण्यासारखं दुसरं काही नसतं हे तिला ठाऊक होतं.

नीलाबाईने डोळे उघडले. "मी कुठं गेले व्हते?"

"मी जाते तिथंच."

"लई अंधार हाय, मावशी. तिथं कोनीच न्हाई."

जिवनबाईने तिच्या कपाळावरची माती पुसली. दोन महिने तिलाही तसंच वाटत होतं.

"हाय," ती म्हणाली. हे खरं म्हणून सांगितलं की पोरीला धीर म्हणून, ते तिचं तिलाही त्या घडीला नक्की सांगता आलं नसतं.

हिरासिंग कडेला उभा होता. "बरी व्हईल का?"

"न्हाई. मी कुठं झाले?"

"मंग कशाला आली तू? हे सांगायला?"

"मला बी असंच गाडीत घालून माघारी धाडलं. आकडी सासरी न्हाई ऱ्हायली, माझ्यासंगं आली. हिच्यासंगं बी जाईल. तुमचं घर तेवढं रिकामं व्हईल. चुलीपाशी बसवू नका, एकटीला पान्याला धाडू नका. बाकी मळनी करंल, लेकरं करंल. पडली की मला सांगा."

"तू येशील? दोन कोस?"

"यीन."

परतताना मास्तरांनी विचारलं, रविवारी येता का?

"यीन. पन साहेबाला सांगा, काठी बी खरी आन माझी बी खरी. फांदी ओढायला असती आकडी. मला दोन कोस ओढत आनलं ते कोनी? तुमी का? तुमी नुसते सांगाय आले." मग काही पावलं चालून ती म्हणाली, "ओढताना फांदीला मातर लागतं, मास्तर. ते बी साहेबाला सांगा."

मास्तरांनी ते मिशनला लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या जानेवारीत रझाकारांच्या भीतीने रस्ते बंद होते. साहेब मुंबईला गेले ते तिकडेच राहिले. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि उमेदवारांची वही कोणत्या कपाटात गेली ते मास्तरांना कळलं नाही. जिवनबाईचा बाप्तिस्मा झाला नाही.

तोवर तांड्यावरून तिला अकरा वेळा बोलावणं आलं होतं.

नीलाबाई सासरीच नांदली.