नानाच्या पलंगासमोरचा संत

माझा थोरला भाऊ नाना तीस वर्षं इंग्लंडात लीड्सला आहे. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन छान पार पडलं, पण घरी आल्यापासून तो पलंग सोडेना. डॉक्टर म्हणत, चाला. नाना म्हणे, "आता कशाला?" फोनवर ते दोन शब्द ऐकले आणि मी नागपूरहून निघालो.

लीड्समधली लाल विटांची घरं इतकी एकसारखी, की पहिल्याच दिवशी मी शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून खटपट करत बसलो. दुसऱ्या दिवशी बसनं शहरात गेलो. पाऊस आला म्हणून जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो आणि खिळलोच. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, तीनेकशे वर्षांपूर्वीचं चित्र! पलंगावर एक संत, भोवती माणसं, वर ढगांतून उतरणारे गुटगुटीत देवदूत. नुसत्या बारीक रेषांतून चादरीची घडी न् घडी उठली होती. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, मला राहवेना.

"कोणासाठी, लव्ह?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. (इकडे अनोळखी माणसालाही असंच म्हणतात, मनावर घ्यायचं नाही.)

"आजारी भावासाठी."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे, आणि ते कागदात गुंडाळलं.

घरी येऊन मी ते नानाच्या पलंगासमोर कपाटाला टेकवलं आणि उशाशी उभा राहून व्याख्यान सुरू केलं. "हा उजेड बघ, नाना! इथे फक्त कागद कोरा सोडलाय!"

"काका, हा चित्र सो डिटेल्ड आहे!" पुतणी मीरा म्हणाली. मी आणखी फुगलो.

वहिनी सूपचा वाडगा घेऊन चित्राजवळ वाकल्या. "भाऊजी, हे पाद्री त्या पलंगावरच्या माणसाच्या तोंडात काय घालतायत?"

"प्रसाद असेल."

"प्रसाद कसला! अहो, आपल्याकडे गंगा घालतात ना शेवटी, तसलं आहे हे. ती बाई बघा, डोळे पुसतेय."

मीरानं फ्रेम जरा पुढे कलवून मागची चिठ्ठी वाचली. "काका... इट सेज, डेथ ऑफ अ सेंट."

जन्मभर मुलांना "आधी नीट बघा" म्हणून ओरडलो, आणि मला समोरचा माणूस मरतोय हे दिसलं नाही! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फ्रेम उचलायला धावलो.

"राहू दे. जा तिकडे, होतास तिथे," नाना म्हणाला. त्यानं चित्र निरखलं, मग आम्हाला. मी उशाशी, मीरा पायाशी, सूप भरवायला परत वळलेल्या वहिनी चमचा घेऊन तोंडापाशी.

"अरे गाढवा, हे आपलंच घर आहे की! देवदूत तेवढे यायचे राहिलेत." छातीवरचे टाके दाबून धरत तो हसायला लागला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात तो पहिल्यांदा हसत होता.

"ते यायच्या आत," हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "मला उठवा."

त्या दिवशी तो खिडकीपर्यंत गेला, आठवड्यानं फाटकापर्यंत. मी परत निघालो तेव्हा बसथांब्यापर्यंत आला. पाच मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटं लागली, त्यातली निम्मी मला शिव्या देण्यात गेली. आमच्या वयात कुठला निरोप शेवटचा ठरेल, सांगता येत नाही. बस सुटल्यावर मी पोरासारखा रडलो. पण हा निरोप नानानं मला उभ्यानं दिला होता.