राबावर भाजलेला अंगठा

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, लागलं?"

मी म्हटलं, "टोचा तर आधी."

शेजारी माझी सून कविता उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. टाचणी टोचून झाली होती, तीही तीन ठिकाणी.

"डायबेटिक न्यूरोपॅथी," बाई म्हणाल्या. म्हणजे साखरेनं पायाच्या नसा मारल्या. पाय चालतो, पण त्याला काय लागलं ते तो आपल्याला सांगत नाय. मी चौथी शिकलेला, मला एवढं कळलं. तुमच्यात कोणाला साखर असेल तर त्यानंही एवढं कळून घ्यावं.

झालं होतं असं. शेणवे गावाच्या पुढं आमची भातशेती. पावसाआधी आमी राब भाजतो. म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून पेटवायचं. आमच्या घरात राबावर चप्पल घालून कोणी जात नाय. दरवर्षी मी आणि ही मिळून भाजायचो. ही म्हणजे माझी बायको यमुना. पौषात म्हसे गावची जत्रा झाली आणि आठवड्यात ती गेली. नुसता ताप आलेला.

यंदा एकटाच होतो. आग विझली समजून आत शिरलो आणि काठीनं राख उलटी केली. खाली निखारे होते. शेजारच्या शेतातून बाळू ओरडला, "काका, पाय भाजतील ना!"

मी ऐटीत म्हटलं, "हे पाय हायत रे, तुझ्यासारखे पापड नाय!"

चौथ्या दिवशी घरात वास सुटला. कविता म्हणाली, "उंदीर मेला वाटतं कुठं." आमी दोघांनी पेट्या सरकवल्या, कणगीमागं बघितलं. उंदीर नव्हता. माझा अंगठा होता.

शहापूरच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. जखम हाडाला लागली तर अंगठा कापायचा. बाईंनी जखम भरायला तीन आठवडे दिले. तुमी म्हणाल, म्हाताऱ्याला अंगठा कशाला हवा? आवणीला हवा. भाताची रोपं लावताना चिखलात पाय रोवतो तो अंगठ्याच्या जोरावर. तो गेला की मी ओटीवर बसून खोकणारा म्हातारा, दुसरं काय.

मग कल्याणला डॉप्लर. म्हणजे पायात रक्त पोचतं का ते मशीनवर ऐकायचं. तीन तास बसलो. आत गेलो तर मशीनीतून घरघर असा आवाज. मी विचारलं, "चांगला का वाईट?" तो माणूस म्हणाला, "रिपोर्टमध्ये येईल." माझंच रक्त, आणि मलाच सांगत नाय.

दिवसाआड शहापूरला ड्रेसिंग. पहिल्या दिवशी डेब्रिडमेंट केलं, म्हणजे मेलेलं मांस कापून काढलं. मी बघत बसलो, दुसऱ्याचा पाय असल्यासारखा. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाईंनी मऊ तळाची चप्पल दिली आणि बजावलं, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही." आता गंमत बघा. दवाखान्याच्या दारावर पाटी, चपला बाहेर काढा. मी काढायचो. आत बाई ओरडायच्या, "चप्पल कुठंय?" दुसऱ्या खेपेला घालून गेलो, तर दारातली सिस्टर ओरडली, "आजोबा, पाटी वाचता येत नाही?" मी म्हटलं, "वाचता येते गो बाय, पण तुमी दोघी एकदा आपसात ठरवा."

दोन आठवडे झाले तरी जखम भरेना. उलट कडेनं काळी पडली. बाई चिडल्या. "तुम्ही घरात चप्पल घालत नाही. खरं सांगा."

"नाय घालत."

"का?"

"बायकोला चालत नाय. चपला ओटीवर काढल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाय."

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. मी बोलते त्यांच्याशी."

मी कविताकडं बघितलं. ती खाली बघत होती. शेवटी मीच म्हटलं, "ती गेली. चार महिने झाले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "त्या असताना पायाला असं कधी झालं नाही?"

कसं होईल? रोज दिवेलागणीला ती माझे पाय मांडीवर घेऊन सुईनं काटे काढायची. मी वसवस करायचो, सोड गो, म्हणायचो. साखर मला सहा वर्षं आहे. म्हणजे सहा वर्षं माझे पाय मेलेले आणि तिचे डोळे त्यांची राखण करत होते. तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

"आता ते काम तुमचं," बाई म्हणाल्या. "रोज तळवे बघायचे. आरसा आहे ना घरात?"

आरसा तिचाच. तिच्या उंचीला टांगलेला, मला त्यात नुसती छाती दिसायची. तो काढून जमिनीवर ठेवला. घरात चप्पल घालायला लागलो. पहिल्या दिवशी उंबऱ्यावर थांबून मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टरिणीनं सांगितलंय, माझ्यावर डाफरू नको."

अंगठा वाचला. नख गेलं. आणि बाई काय म्हणतात? चिखलात उतरायचं नाय, कायमचं. चिखलासाठी अंगठा राखला आणि चिखलच बंद! यंदा बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधल्या आणि सगळ्यांना शिव्या घातल्या. पण बाईंचे उपकार आहेत, ते मानतो.

काल आरशात टाचेला काटा दिसला. कधी भरला, पत्ता नाय. तिची सुई अजून कॅलेंडरात टोचलेली आहे. हात तिकडं गेला होता. पण घरी सुई लावायची नाय, असं बाईंनी बजावलंय. मी कविताला हाक मारली, "चल, शहापूरला."

"एवढ्याशा काट्यासाठी, बाबा?"

"हो. तुझी सासू एवढ्याशासाठीच रोज बसायची."