वजा वीस

माझ्या वहिनीच्या घरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं आणि ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना माहीत होती, चार वर्षांच्या धाकट्यालासुद्धा. मग ते पुढे ठेवून उपयोग काय, असा प्रश्न कोणाही शहाण्या माणसाला पडेल. मलाही पडला, आणि मी तो विचारला. वहिनी म्हणाली, "माहीत असलं तरी बघितल्यावर पोटात एकदा गोळा येतोच, वन्सं. त्या गोळ्यावर माझी सकाळ चालते."

नणंदेला 'वन्सं' म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. ती म्हणते, तेही मला डिवचायला. नणंदेनं असावं तेवढी मी खाष्ट आहे असं तिचं मत आहे आणि ते अगदीच खोटं नाही. मी शेजारच्या इमारतीत एकटी राहते, घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करते आणि दुपारी तिची दोन्ही मुलं सांभाळते. त्यामुळे तिच्या संसारात नाक खुपसायचा मला रीतसर परवानाच मिळालेला आहे.

माझा दादा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. आठवड्यातले चार दिवस तो रस्त्यावर असतो आणि उरलेल्या तीन दिवसांतला दीड दिवस झोपेत. घर वहिनीच्या एकटीच्या अंगावर. शिवाय तिची नोकरी. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंगाला एक अरुंद खोली आहे, तिथे ती काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मशीनच्या चाकावर सतत पाणी पडत असतं आणि घासलेल्या काचेचा पांढरा गाळ तिच्या नखांत जाऊन बसतो. काच घासण्याआधी गिऱ्हाइकाच्या डोळ्याची बाहुली जिथे येते तिथे ती शाईचा एक ठिपका देते. तो ठिपका जरा सरकला की माणसाचं डोकं दुखायला लागतं. वहिनीच्या हातचा चष्मा डोकं दुखतं म्हणून परत आला, असं बारा वर्षांत एकदाही झालेलं नाही. दुकानाचे मालक हे सांगताना असा चेहरा करतात की जणू काचा त्यांनीच घासल्या.

इतकी काटेकोर बाई वेळेच्या बाबतीत मात्र सरळ थापा मारायची. एक चप्पल पायात आणि दुसरी शोधत असताना फोनवर "निघालेच" म्हणायची. मुलांना "पाच मिनिटं" म्हणायची आणि भाजी चिरून, कपडे वाळत घालून, मालकांचा फोन घेऊन मग यायची. दादाची बस साडेदहाला असली तर त्याला दहा सांगायची. शाळेच्या बाईंनी पाचपर्यंत वही मागितली तर मुलीला चारच सांगायची. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे थोडी थोडी वेळ चढवून सांगायची आणि कोणाला किती चढवली हे सगळं डोक्यात ठेवायची. मी तिला म्हणायचे, "एवढं लक्षात ठेवायला जी शक्ती लागते ना, तेवढ्यात तू वेळेवर पोचशील." ती हसून माझ्याच हातात लसणाच्या पाकळ्या सोलायला द्यायची.

तिला नावं ठेवणं सोपं होतं, कारण मी एकटी. माझ्याकडे वेळच वेळ. मला सकाळी फक्त एकच तोंड धुवायचं असतं.

थोरली मुलगी नऊ वर्षांची. गालात काहीतरी कोंबून हिंडत असते म्हणून तिचं नाव खारू पडलं. गेल्या वर्षी ती जिन्यावरून पडली आणि डावा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढायचा दिवस जवळ आला तशी तिची झोप उडाली, कारण वर्गातल्या कोणीतरी सांगितलं होतं की ते करवतीनं कापतात आणि करवत गोल फिरते. वहिनीनं तिला जवळ घेऊन सांगितलं, "मंगळवारी नऊ वाजता. मी नक्की येणार. मशीन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तुझा दुसरा हात माझ्या हातात." खारूनं मान डोलावली. मी तिथेच बसले होते. तिनं फार शहाण्यासारखी मान डोलावली, एवढंच तेव्हा मला जाणवलं.

सोमवारी संध्याकाळी खारू माझ्याकडे झोपायला आली. बेत असा की मी तिला घेऊन दवाखान्यात जायचं आणि वहिनीनं धाकट्याला बालवाडीत सोडून, दुकानात काचांची एक तातडीची जोडी ठेवून थेट तिथे यायचं. अंथरूण घालताना खारू म्हणाली, "आत्या, उद्या मशीन सुरू झाली की तू माझा हात धरशील?"

"अगं, आई धरणार आहे ना."

"हो. पण तू पण तयार राहा."

मी हो म्हणून टाकलं.

इकडे त्याच संध्याकाळी वहिनीच्या घरातलं घड्याळ बंद पडलं. दादा घरी होता. पहाटेच्या फेरीला निघायच्या आधी आपल्या हातून घरचं एखादं काम व्हावं असं त्याला वाटलं असावं. त्यानं सेल बदलला, मोबाईलमध्ये बघून घड्याळ अगदी सेकंदाला सेकंद मिळवलं आणि भिंतीवर टांगलं. वहिनीला ते सांगायचं मात्र राहून गेलं. डेपोत तो रोज हेच करतो. घरात वीस मिनिटं पुढे ठेवायची असतात हे त्याला माहीत होतं, पण ते त्याच्या हाताला नव्हतं. माणूस घरात असतो तरी किती.

सकाळी वहिनी साडेपाचच्या गजरानं उठली. सकाळी ती मोबाईल पर्समध्येच ठेवते, कारण तो हातात घेतला की दहा मिनिटं जातात. डबे भरले, धाकट्याला आंघोळ घातली, ओटा पुसला आणि मग भिंतीकडे बघितलं. सात दहा. तिनं सवयीनं वीस वजा केले. सहा पन्नास. रोज या टप्प्याला भिंतीवर साडेसात वाजलेले असायचे. आज आपला हात भरभर चालला, वीस मिनिटं उरली, असं वाटून तिनं कपभर चहा केला आणि खुर्चीत बसून प्यायली. बसून चहा पिण्याची वेळ तिच्यावर दोन वर्षांत पहिल्यांदाच आली होती. नंतर मला सांगताना ती म्हणाली, "खिडकीतून झाड बघितलं, वन्सं. कोणाचं आहे ते झाड कोण जाणे, पण चांगलं आहे."

दवाखान्यात आमचा पहिला नंबर होता. नंबर हुकला तर चिठ्ठी सगळ्यांच्या शेवटी जायची आणि बाकांवर आमच्यामागे तीसेक माणसं हात-पाय बांधून बसली होती. नऊला दोन मिनिटं असताना मी दारात जाऊन आले. नऊला पुन्हा गेले. वहिनीचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. प्लास्टर कापणारा माणूस बाहेर येऊन चिठ्ठी वाचायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "हिची आई येतेच आहे, जरा थांबता का?"

खारू उठून उभी राहिली. "चल आत्या," ती म्हणाली. "आई नऊ म्हणाली म्हणजे साडेनऊ. काका, थांबू नका."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बसची वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं. आत गेल्यावर तिनं उजवा हात माझ्या हातात दिला, डोळे मिटले, मशीन घरघरायला लागली तेव्हा माझी बोटं पांढरी पडेपर्यंत दाबली आणि एक थेंब रडली नाही. प्लास्टर निघालं. आतला हात बारीक आणि फिकट झाला होता.

नऊ वीसला वहिनी धावत आली. ओढणी एका खांद्यावर, नखांत पांढरा गाळ तसाच. दुकानात बिलाचा हिशेब करायला मोबाईल काढला तेव्हा तिला खरी वेळ कळली होती. खारूचा मोकळा हात बघून ती दारातच थबकली आणि म्हणाली, "अगं, घड्याळ बरोबर होतं. बरोबर होतं म्हणून उशीर झाला."

प्लास्टरवाला हसला. बाकावरची दोन माणसं हसली. सगळा उलगडा झाल्यावर मीही हसले. खारूनंच आईची समजूत काढली. "काही नाही झालं, आई. तू नाहीस असंच मी धरलं होतं. आत्याला कालच सांगून ठेवलं होतं."

वहिनी हसता हसता थांबली.

बाहेर कट्ट्यावर बसून तिनं विचारलं, "मी सांगते ते सगळंच तू वजा करून ऐकतेस?"

खारूनं प्रामाणिकपणे विचार केला. "सगळं नाही. 'जेवलीस का' विचारतेस ते नाही करत. पण पाच मिनिटं म्हणजे वीस. बघू म्हणजे नाही. आणि नक्की म्हणजे…" ती अडली. "नक्की म्हणजे तुला यायचं असतं."

मला त्या क्षणी रस्त्याकडे बघत राहावंसं वाटलं आणि मी तेच केलं. आपण इतकी वर्षं ज्याची चेष्टा करत होतो त्याची किंमत ही पोर मुकाट्यानं भरत होती आणि रोज दुपारी ती माझ्याच घरात बसलेली असायची. मला लाज वाटली. तो नवा, बारीक हात वहिनी कितीतरी वेळ चोळत राहिली.

त्यानंतर तिनं वेळापत्रक वगैरे काही केलं नाही. ती त्यातली नाही. घड्याळ मात्र दादानं लावलं तसंच ठेवलं. पहिला आठवडा हाहाकार होता. सगळ्यांच्या अंगात वजा करणं इतकं मुरलेलं की सगळेच सगळीकडे वीस मिनिटं उशिरा पोचले. बालवाडीच्या बाईंनी फाटक लावून घेतलं, दूध दोनदा उतू गेलं, मालकांनी बारा वर्षांत पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. वहिनी फोनवर "निघालेच" म्हणायला तोंड उघडायची, थांबायची आणि "अजून घरीच आहे" म्हणायची. ऐकणाऱ्यांना ते उद्धटपणाचं वाटायचं. मलाही एकदा वाटलं.

खारूवर याचा काही परिणाम दिसला नाही. आईनं पावणेसात सांगितलं आणि ती पावणेसातला आली, तरी पोरगी साडेसातच्या हिशेबानं खाली खेळत असायची.

मग पोहण्याची गोष्ट निघाली. हाताला जोर यावा म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. तीन आठवडे खारू उथळ पाण्यात होती आणि त्या शनिवारी तिला पहिल्यांदा खोल भागात उतरवणार होते. गुरुवारी आम्ही सगळे वहिनीकडे जेवायला बसलो होतो. खारूनं भात कालवता कालवता विचारलं, "आई, शनिवारी चारला येशील?"

शनिवारी दुकानातर्फे एका कारखान्यात डोळे तपासणी होती आणि दोनशे चष्म्यांची मापं वहिनीला घ्यायची होती, हे मला ठाऊक होतं. ती आता काय म्हणणार हेही ठाऊक होतं. प्रयत्न करते, बघू, नक्की.

वहिनीनं हातातला घास खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "शनिवारी मला येता येणार नाही. मी तिकडून साडेसहाला सुटेन आणि सातला घरी येईन."

मला तिचा संताप आला. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. 'बघू' म्हणायला काय जात होतं? पोर बिचारी समजूतदार, समजून घेतलं असतं. दोन दिवस तरी आशेवर राहिली असती.

खारूनं आईकडे नीट बघितलं. मग तिचा खालचा ओठ पुढे आला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. हात मोडला तेव्हा ती अशी रडली नव्हती, करवत फिरली तेव्हाही नाही. ताट सरकवून, नाक गळत, चार वर्षांच्या पोरासारखी रडत होती. धाकटा घाबरून माझ्या मांडीवर चढला. मी उठायला लागले, तिला थोपटून काहीतरी गोड बोलावं म्हणून.

वहिनीनं मला हातानं खाली बसवलं. तिचेही डोळे भरलेले होते.

"रडू द्या, वन्सं," ती म्हणाली. "आज तिनं माझं ऐकलंय."