सिंधुबाईंची हरकत

लातूर जिल्हा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. कलेक्टर कचेरीला नवी पाटी लागली, नळाला मात्र टिपूस नाही. अशा दिवसांत चाळिशी ओलांडलेल्या विधवेनं मुकाट पाणी भरावं, प्रार्थना करावी आणि लवकर झोपावं. सिंधुबाई चक्क प्रेमात पडल्या.

चर्चच्या मुलींच्या होस्टेलवर त्या स्वयंपाक करायच्या. सटवाजी उमरीचे, विधुर, नव्या कचेरीत बदली होऊन आलेले शिपाई. दोघांची गाठ पडली टँकरच्या रांगेत. "लातूर जिल्हा झाल्याचं नळाला कुनी कळवलंच न्हाई वाटतं," सटवाजी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, आणि सिंधुबाईंना असं हसू फुटलं की भरलेली घागर हातातून सुटली. त्या दुष्काळात अख्खी घागर मातीत गेली! रांगेतल्या बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. सटवाजींनी आपलं पाणी सिंधुबाईंच्या घागरीत ओतलं आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. आता अशा माणसाला नाही म्हणायचं तरी कसं? काही महिन्यांनी त्यांनी विचारलं आणि सिंधुबाई हो म्हणून बसल्या.

चर्चची रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार उपासनेत जोडप्याची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. दोन रविवार बिनबोभाट पार पडले. तिसऱ्याच्या आधी, बुधवारच्या प्रार्थनासभेत घोटाळा झाला. पाळकसाहेब म्हणाले, देवाची वाणी ओळखायला शिका, तिच्यावाचून पाऊल टाकू नका. सिंधुबाईंनी कपाळावर हात मारला. एवढं मोठं पाऊल टाकलं, पण देवाला विचारायचं राहूनच गेलं होतं.

घरी येऊन त्या गुडघे टेकून बसल्या. "देवा, करू का लग्न?" आधी ती घागर आठवली, मग सटवाजींचा तो गंभीर चेहरा, आणि भर प्रार्थनेत त्यांना खुदकन हसू आलं. हा सैतानाचा चावटपणा समजून त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग मात्र वाणी आली, अगदी स्पष्ट आली. "या वयात शोभतं का हे?" भाकरी थापताना आली, "लोकं काय म्हनतील?" ज्वारी निवडताना आली, "गप ऱ्हा की."

देवाला विचारलं की हसू, आणि हसू दाबलं की ही वाणी, असा खेळ शनिवारपर्यंत चालला. होस्टेलच्या मुलींनी बिनमिठाचं वरण खाल्लं आणि एकमेकींना कोपरं मारली. शेवटी सिंधुबाई रडल्या. देव नको म्हणतोय तर नको. पण सटवाजींना तोंडावर सांगायचा धीर कुठून आणायचा? त्यांनी ठरवलं, रविवारी हरकत विचारतील तेव्हा उभं राहायचं आणि आपल्या लग्नाला आपणच हरकत घ्यायची.

रविवारी सटवाजी इस्त्रीचा सदरा घालून, केस तेलानं चापून पुढच्याच बाकावर बसले होते. पाळकसाहेबांनी नावं पुकारली. "कुणाची हरकत असेल, तर आताच सांगावी."

सिंधुबाई उभ्या राहिल्या. सगळ्या माना वळल्या. सटवाजींचा चेहरा पांढरा पडला.

"सिंधुबाई," पाळकसाहेब चाचरले, "तुमचीच हरकत?"

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना जोर द्यायला ती वाणी पुन्हा आली. आधी तिनं घसा खाकरला. मग तोंडात मिसरी धरून बोलावं तशी ओठ मिटून म्हणाली, "या वयात..."

सिंधुबाई थबकल्या. हे खाकरणं त्यांच्या ओळखीचं होतं, उभा संसार चुलीपुढं बसून ऐकलेलं. ही तर केवळाबाई, त्यांची सासू. म्हातारी मातीआड जाऊन किती वर्षं झाली, तरी सुनेच्या डोक्यातली जागा सोडायला तयार नव्हती. देव काही मिसरी लावत नसणार.

मग देव आठवडाभर बोललाच नाही की काय? त्यांनी आठवून पाहिलं. दर वेळी विचारलं की आधी काय यायचं? आणि तेच आलं. पोटातून आलं, खांदे हलवत आलं, पदर शोधायच्या आत आलं. सिंधुबाई भर उपासनेत खळखळून हसल्या. मागच्या बाकांवरच्या होस्टेलच्या मुली तर वाटच बघत होत्या.

"हरकत न्हाई, साहेब," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"हरकत नसेल तर उठायचं नसतं, बाई."

"ठाव हाय. पर देवाचीबी न्हाई, त्ये सांगाया उठले. त्यो बिचारा बुधवारपासून सांगायलाय. मीच त्येच्या तोंडात पदराचा बोळा कोंबत हुते."