बरणीतली कुऱ्हाड

आमच्या होळी गावात माणसाला धक्का बसावा असं वर्षातून फार तर दोनदा घडतं. एखाद्याची म्हैस तळ्यात पडते, नाहीतर एखाद्याचा मुलगा बोटीवरच्या नोकरीतून टाय लावून परत येतो. पण आणीबाणी उठली त्या वर्षापासून पुढची अडीच वर्षं मला रोज एक आणि सणाच्या दिवशी दोन असे धक्के बसत गेले, आणि ते सगळे एकाच व्यक्तीने दिले. ती म्हणजे आमच्या पडवीतली भाडेकरू बाई. तिच्यासारखं माणूस देवाने दुसरं केलं नसेल, आणि केलं असलंच तर त्याला आमच्या पडवीत पाठवू नये, एवढंच माझं मागणं आहे. माझं काळीज आता तेवढं घट्ट राहिलेलं नाही.

ती पुण्याची. वय सव्वीस-सत्तावीस असेल. पहिल्या दिवशी दारात उभी राहिली तेव्हा अंगात बापाचा जुना शर्ट, खाली पँट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी म्हटलं, विहिरीच्या पंपवाल्याने माणूस पाठवलेला दिसतोय, आणि तिला सरळ मागच्या दाराने पंप दाखवायला नेलं. ती आली, पंप नीट पाहिला, आणि मग म्हणाली, "काका, छान आहे. पण मी खोलीसाठी आले होते." मी विचारलं, मास्तरीण का? तर नाही. अभ्यासाला आली होती. कसला अभ्यास? तर नवाश्मयुगाचा. मी चौथी शिकलो आहे, आणि त्या काळची चौथी शिकलो आहे, पण हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता.

मग तिने ओट्यावर बसून सांगितलं. लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं, त्या वेळी माणूस नुसती शिकार सोडून शेती करायला लागला, गुरं पाळायला लागला, मडकी भाजायला लागला आणि दगड घासूनघासून गुळगुळीत कुऱ्हाडी करायला लागला. घाटावर अशा लोकांची खापरं आणि हत्यारं मिळतात. ते लोक घाट उतरून आमच्या समुद्राकडे आले होते का, एवढंच तिला शोधायचं होतं. "शिकाऱ्यांच्या गारगोटीच्या चिपा इकडे मिळतात, काका. पण पहिल्या शेतकऱ्याची एकसुद्धा कुऱ्हाड मला मिळालेली नाही. माझे सर म्हणतात, ते लोक इकडे आलेच नसतील. मला वाटतं, आले असतील. तेवढ्यावर माझा प्रबंध अडलाय."

हे ऐकून मी उभाच राहिलो. आमच्याकडे शेतकरी नव्हता? माझ्या वाडीत केळी, पानवेल, मोगरा. वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे आमचं शिंपणाचं तळं, ते माझ्या बापाने स्वतः खोल केलेलं. मी तिला म्हटलं, "तुमच्या सरांना कळवा, घाटावरची माणसं केळ सालीसकट खात होती तेव्हा आमच्याकडे सुकेळी वाळत होती." ती हसली नाही. वही काढली आणि म्हणाली, "पुरावा, काका?" त्या दिवसापासून तो पुरावा माझ्या डोक्यात काट्यासारखा राहिला.

तिच्या सवयी सांगायला बसलो तर वाडीला पाणी सोडायचं राहील. सकाळी सायकलवर रिकामी पिशवी घेऊन डोंगराकडे जायची आणि संध्याकाळी दगड-खापरं भरून आणायची. बाजारातून कोणी काय आणलं हे आमच्या गावात लगेच विचारतात. हिला विचारणं लोकांनी आठ दिवसांत सोडलं. आणलेला एकेक तुकडा ती ब्रशाने धुवायची आणि शंका आली की जिभेला लावायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा सांडला. "जिभेला चिकटलं तर हाड, नाही चिकटलं तर दगड," ती म्हणाली, आणि मलाही एक देऊ लागली. मी नको म्हटलं. आमच्या एमिलीने मात्र, म्हणजे माझ्या बायकोने, पदराने पुसून लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "चिकटतंय हो." चाळीस वर्षं जिच्या हातचं जेवलो ती बाई माझ्यासमोर कुणा अज्ञात जनावराचं हाड चाटत होती.

एकदा तिने कुंभाराकडून सहा कोरी मडकी आणली आणि अंगणात एकेक डोक्यावरून खाली टाकून फोडली. जुनी खापरं मडक्याच्या कुठल्या भागाची हे ओळखायचं तर नवं मडकं कसं फुटतं ते पाहायला हवं, असं तिचं म्हणणं. तिसरं मडकं फुटलं आणि शेजारचा नारायण उपरणं सावरत धावत आला. त्यांच्यात मडकं कधी फोडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मला ओट्यावर धडधाकट बसलेला पाहून तो गोंधळला. "मग गेलं कोण?" म्हणाला. बाई वर न बघता म्हणाली, "अजून तीन बाकी आहेत, काका. बसा." नारायण त्यानंतर, बाई होती तोवर, आमच्या अंगणातून कधी गेला नाही, कुंपणाला वळसा घालून जायचा.

गारगोटीवर गारगोटी मारून ती स्वतः चिपा काढायची, जुने लोक कसे काढत ते हाताला कळावं म्हणून. त्यातल्या एका चिपेने तिने सुरमई अशी कापली की विळीला लाज वाटावी. त्यानंतर आमच्या घरात काय झालं, तर एमिली पडवीच्या दाराशी जाऊन म्हणायची, "बाई, हा बोथट झाला. नवा काढा ना एक." माझ्या घरात वीज आली होती, रेडिओ होता, आणि माझी बायको दगडाने मासे कापत होती.

पण सगळ्यात मोठा धक्का तिने मला उकिरड्यावर दिला. एका उन्हाळ्यात ती म्हणाली, "काका, तुमचा उकिरडा खणू का? थर वाचायचा सराव करते." खणा म्हटलं, खत निघेल. तिने चौकोनी खड्डा घेतला, बाजू सुरीने साफ केली आणि वहीत चित्र काढत बसली. आमच्या एमिलीची एक स्वतःची रीत होती. उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती मटणाचं जुनं मडकं उकिरड्यावर टाकून द्यायची आणि ईस्टरला नवं आणायची. तर बाईने दोघांना बोलावलं आणि मोठ्या कौतुकाने दाखवलं. "हे बघा, खाली मटणाच्या मडक्याची खापरं. वर ईस्टरच्या अंड्यांची टरफलं. म्हणजे मधला हा सगळा थर उपवासाच्या चाळीस दिवसांचा. किती स्वच्छ थर आहे, काकी. फक्त या कोंबडीच्या हाडांचा अर्थ लागत नाही."

अर्थ एमिलीला लागला. वाडीतल्या खोपटात मी तो कोंबडा एकट्याने खाल्ला होता आणि हाडं केळीच्या पानात गुंडाळून उकिरड्यात पुरली होती. माझ्या पापाची बातमी फादरांच्या आधी उकिरड्याने दिली. एमिली आठ दिवस बोलली नाही, आणि बाई तीनदा माफी मागून गेली. "मला वाटलं, कुत्र्याने आणली असतील," म्हणाली. एवढी हुशार, पण जिवंत माणसाबद्दल वाईट तिच्या मनातच यायचं नाही.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं की पुढे मी जे केलं ते अशा बाईशी केलं.

तिसऱ्या वर्षी, पौष सरताना, एमिली नायगावला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. प्रबंध द्यायला दोन-तीन महिने उरले होते आणि बाई रोज डोंगरातून जास्त थकून, कमी बोलत परतत होती. त्या दुपारी मी पेज केली आणि खारातल्या कैऱ्यांची बरणी उघडली. बरणीत हात घालायची मला घरात परवानगी नसे. कैऱ्या तळाला गेल्या होत्या, त्यांच्यावर दाबाला ठेवलेला काळा दगड होता. एमिली माहेराहून बरणी घेऊन आली तेव्हापासून तो तिच्यात होता. मी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात बाई जेवायला आली आणि दारातच थांबली.

"काका, हे काय आहे?"

"कैरी."

"हे नाही. हे."

तिने दगड दोन्ही हातांत घेतला. एका बाजूला निमुळता, दुसऱ्या बाजूला धार, आणि सगळा गालासारखा गुळगुळीत. अडीच वर्षं ती त्या दगडाखालच्या कैऱ्या मिटक्या मारत खात होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिने तो जिभेला लावला आणि म्हणाली, "खारट आहे." आम्ही दोघं हसलो. मग तिने हळूच विचारलं, "कुठे मिळाला?"

आता दगड एमिलीबरोबर आला एवढं मला पक्कं माहीत होतं. पण तिचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि मनात तिचे सर होते, ज्यांनी आमच्याकडे शेतकरी नव्हता म्हटलं होतं. मी म्हटलं, "इथेच. बापाने बावखल खोल केलं तेव्हा निघाला."

तिने एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. खापरं आणि टरफलं पाहून चाळीस दिवसांचा हिशेब लावणारी बाई माझ्या तोंडच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मोकळी झाली. बारीक कुंचल्याने दगडाच्या पोटावर पांढऱ्या रंगात तिने लिहिलं, 'होळी, बावखल'. सरांना तार केली. शनिवारी येतो, असं त्यांचं उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून बावखलाच्या काठावर खणायला लागली, आणि मध्ये येणारी केळीची बेटं मी स्वतः कोयत्याने तोडून दिली. लागवडीची, घडाला आलेली. म्हणजे बघा मी किती पुढे गेलो होतो.

गुरुवारी एमिली परतली. वाडीतला खड्डा पाहिला, आडव्या पडलेल्या केळी पाहिल्या.

"हे काय कोणाचं थडगं खणताय?"

"तुझा बरणीतला दगड फार जुना निघाला. त्याच्यासाठी."

"तो इथे कशाला खणताय? तो माझ्या आजीचा. जात्याला टाकी लावायला घाटावरची बाई यायची, तिने दिला. आजीने तिला सुके बोंबील दिले."

मी म्हटलं, गप्प बस, शनिवारपर्यंत बोलू नकोस. मग तिला सगळं सांगावं लागलं. तिने पिशवी खाली ठेवली. "कोंबडा खाल्लात तो देवाचा गुन्हा होता, तो देव बघून घेईल. पण ही पोर तुमचं खोटं छापून गावोगाव वाटणार. तुम्ही सांगता का मी सांगू?" मी म्हटलं, दगड तो दगड, कुठूनही येवो. ती म्हणाली, "मग बाईला तेच सांगा जाऊन."

मी आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती. खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. ती कमरेएवढ्या खोलात होती, कपाळाला चिखल. मी एका दमात सांगितलं. ती ओरडेल, रडेल, दगड फेकून मारेल असं वाटलं होतं, आणि त्यातलं काहीही मला चाललं असतं. ती नुसती खाली बसली. मग तिने वही मागितली, बावखलाची सगळी पानं उलटली आणि प्रत्येक पानावर एकेक बारीक तिरकी रेघ मारली.

मी म्हटलं, "फाडून टाका ना, बाई."

"फाडायचं नसतं, काका. खोडायचंही नसतं. खालचं वाचता आलं पाहिजे. तुम्ही सांगितलंत, मी मानलं, हासुद्धा एक थर आहे." आणि तिने पेन माझ्यापुढे धरलं. "इथे सही करा."

मी चौथीतल्या अक्षरात सही केली. माझं खोटं कायमचं वाचता येणार, आणि खाली माझं नाव, हा मला बसलेला शेवटचा धक्का.

सर शनिवारी आले. ते गाडीतून उतरत होते तेव्हाच तिने त्यांना खरं सांगितलं. त्यांनी खड्डा पाहिला, मग ते जेवायला बसले आणि दोनदा कैरी मागून घेतली. जाताना म्हणाले, "नाही मिळालं, असं लिही. नीट लिहिलंस तर तेही पुष्कळ आहे." तिने तसंच लिहिलं. दगड संग्रहासाठी नेऊ का, असं तिने एमिलीला विचारलं होतं. एमिली म्हणाली, "न्या की. पण मग माझ्या कैऱ्या तरंगतील." बाई म्हणाली, "राहू दे. जागा माहीत आहे तिथेच असू दे." जायच्या दिवशी तिने कुंचला काढला, 'बावखल' शब्दावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बरणी'.

दोन नाताळांना तिची कार्डं आली. डिग्री मिळाल्याचं एकात होतं, दुसऱ्यात दूर कुठेतरी नोकरी लागल्याचं. पुढे आली नाहीत. खड्डा मी बुजवला, तिथे नवी केळ लावली, ती जोरात आली. परवाच्या वर्षी एमिली गेली. नारायण आता अंगणातूनच येतो, कारण आमच्याकडे फोडायला कोणी मडकी आणत नाही.

कैऱ्या मी घालतो अजून. एकट्याला बरणीभर कशाला, असं मुलगी म्हणते. पण दगडाला काम पाहिजे. खाराने पांढरा रंग दरवर्षी उतरतो. म्हणून चैत्रात बरणी धुतली की दगड उन्हात वाळवतो, चष्मा लावतो आणि पुसट खुणांवरून पुन्हा लिहितो. आधी 'होळी'. मग 'बावखल'. मग त्याच्यावर एक रेघ, फार जाड नाही, खालचं वाचता येईल अशी. आणि त्याच्याखाली 'बरणी'.